प्रत्येक साइटला स्वतःचा लूपबॅक पत्ता

लिनक्स संगणकाचे वाय-फाय बंद असो की केबल काढलेली असो, 'लो' नावाची एक जोडणी त्याच्यापाशी असतेच. हीच लूपबॅक. तिच्यावर पाठवलेला मजकूर बाहेर न पडता कर्नलमधूनच त्याच यंत्राकडे परततो. १२७.०.०.१ हा तिचा पत्ता वेबसाइट करणाऱ्यांना तोंडपाठ असतो. पण राखीव आहे तो १२७ ने सुरू होणारा अख्खा गट, म्हणजे १ कोटी ६७ लाखांहून अधिक पत्ते. लिनक्स तो सगळाच्या सगळा 'लो'ला जोडून देतो. टर्मिनलवर १२७.०.०.७७ ला पिंग केले, तर तो पत्ता कुणी कधी नेमून दिलेला नसतानाही मिलिसेकंदाच्या अंशात उत्तर येते. मॅकवर मात्र १२७.०.०.१ सोडून इतर पत्ते आधी जोडून घ्यावे लागतात.

समजा, उज्जैनच्या राम घाटाजवळ एका खोलीत २०२८ च्या सिंहस्थासाठी तीन साइट तयार होत आहेत: स्नानपर्वांचे वेळापत्रक, एका यात्रीनिवासाचे बुकिंग आणि शिप्रेकाठच्या घाटांचा नकाशा. सरधोपट मार्ग म्हणजे एकाच पत्त्यावर ८००१, ८००२, ८००३ असे पोर्ट देणे. गोची कुकीपाशी होते. कुकी पोर्ट पाहत नाही. दोन साइटनी कुकीला एकच नाव दिले असेल, तर बुकिंगमध्ये लॉगिन होताच वेळापत्रकाचे लॉगिन उडते. वर्डप्रेस तर साइटचा पत्ता पोर्टसकट डेटाबेसमध्ये लिहून ठेवतो, आणि साइट खऱ्या सर्व्हरवर नेताना ते सगळे निस्तरावे लागते.

त्याऐवजी 'ईटीसी' फोल्डरातल्या होस्ट्स फाइलीत तीन ओळी लिहायच्या (आकडे आणि नावे अर्थातच इंग्रजी लिपीत): १२७.०.०.२ पुढे 'स्नान.टेस्ट', ३ पुढे 'निवास.टेस्ट', ४ पुढे 'घाट.टेस्ट'. शेवटचे 'टेस्ट' १९९९ पासून अशाच कामासाठी राखीव आहे. पूर्वी पुष्कळजण 'डेव्ह' वापरत. ते गूगलच्या ताब्यातले खरे डोमेन निघाले आणि २०१७ मध्ये क्रोमने त्यावर एचटीटीपीएसची सक्ती केली. पत्ते निवडताना १२७.०.०.५३ टाळावा, उबुंटूत तिथे नावे शोधणारी सेवा बसलेली असते.

पुढचे काम अपाचे या वेब सर्व्हरचे. डेबियनमध्ये त्याच्या पोर्टांच्या फाइलीत नुसते 'लिसन ८०' असते. त्या एका ओळीने अपाचे यंत्राचे सगळे पत्ते अडवतो, वाय-फायचाही. म्हणजे अर्धवट साइट शेजारच्या लॅपटॉपवरही उघडू शकते. ती ओळ काढून प्रत्येक पत्त्यासाठी वेगळी 'लिसन' ओळ आणि त्याच पत्त्याचा व्हर्च्युअलहोस्ट लिहायचा. मग कॉन्फिगटेस्ट चालवायची आणि अपाचे रीस्टार्ट करायचा.

खरे तर सगळ्या साइट एकाच अपाचेवर असतील, तर वेगळ्या पत्त्यांवाचूनही भागते. ब्राउझर प्रत्येक मागणीसोबत साइटचे नाव पाठवतो आणि अपाचे त्यावरून निवड करतो. फक्त नाव जुळले नाही की तो तक्रार न करता यादीतली पहिली साइट दाखवतो, आणि नकाशाऐवजी वेळापत्रक का उघडले हे शोधण्यात वेळ जातो. वेगळ्या पत्त्यांचे खरे चीज होते ते सर्व्हर वेगवेगळे असताना: १२७.०.०.२ वर अपाचे, ३ वर एनजिनएक्स, दोघेही ८० याच पोर्टवर. 'लिसन ८०' ची जुनी ओळ राहिली असेल, तर दुसरा सर्व्हर 'ॲड्रेस ऑलरेडी इन यूज' म्हणून सुरूच होत नाही.

नकाशाच्या साइटला आणखी एक अडचण येते. 'मी कुठे आहे' हे बटण दाबले तर 'घाट.टेस्ट' वर ब्राउझर ठिकाण देत नाही, कारण ही सोय तो सुरक्षित जोडणीवरच देतो. तेच पान १२७.०.०.४ हा आकडी पत्ता टाकून उघडले की बटण चालते. लूपबॅक पत्ता ब्राउझर सुरक्षित धरतो, नावाआड तोच पत्ता असला तरी धरत नाही. नावानेच उघडायचे असेल, तर स्थानिक प्रमाणपत्र बनवून एचटीटीपीएस लावावे लागते. प्रत्यक्ष घाटावर मोबाइलवरून चाचणी घेताना मात्र लूपबॅकचा पत्ता उपयोगाचा नाही. मोबाइलवर १२७.०.०.४ टाकले, तर तो साइट स्वतःच्याच पोटात शोधतो. त्यासाठी अपाचेला वाय-फायचा पत्ता तेवढ्यापुरता उघडून द्यावा लागतो.