हिवाळ्यातले कुरव

थंडीच्या दिवसांत मुंबईहून मांडव्याला लाँचीने निघालात, की पांढऱ्या पक्ष्यांचा एक थवा मागे लागतो. हे कुरव. त्यांत दोन जाती सरमिसळ असतात : तपकिरी डोक्याचा आणि काळ्या डोक्याचा. पण नावाप्रमाणे डोके शोधू जाल, तर फसाल! हिवाळ्यात दोघांचीही डोकी पांढरी. डोळ्यामागे तेवढा एक काळसर ठिपका.

मग ओळखायचे कसे? पूर्ण वाढलेल्या पक्ष्याचे पंख पाहा. टोक काळेभोर आणि त्यात पांढरे ठिपके असले, तर तो तपकिरी डोक्याचा. पंखाची पुढची कड पांढरीशुभ्र आणि टोकाला नुसती काळी किनार असली, तर तो काळ्या डोक्याचा.

मार्चच्या सुमारास डोक्यावर रंग चढू लागला, की समजावे, पाहुण्यांची निघायची वेळ झाली. तपकिरी डोक्याच्या कुरवाची वीण होते लडाख-तिबेटच्या उंच सरोवरांकाठी. म्हणजे वाटेत हिमालय आलाच! एवढ्या प्रवासाची शिदोरी बांधायची ती मासे, कोळंबी, किडे यांचीच. तेव्हा लाँचीवरून शेव-गाठ्या फेकण्याचा मोह तेवढा आवरा. तळलेले, खारट खाणे त्यांचे नव्हे. नुसते पाहा, ओळख पटली की मौज आपोआप येते.