चाळीस लाखांचा विक्रम, पण श्रोते किती?

टेलर स्विफ्ट या अमेरिकी गायिकेचा ‘द लाइफ ऑफ अ शोगर्ल’ हा बारा गाण्यांचा अल्बम ३ ऑक्टोबर २०२५ रोजी प्रसिद्ध झाला. पहिल्याच आठवड्यात ‘बिलबोर्ड’च्या अमेरिकी अल्बम क्रमवारीत त्याच्या नावावर ४० लाखांहून किंचित अधिक आकडा नोंदला गेला. ब्रिटिश गायिका अ‍ॅडेल हिच्या ‘२५’ या अल्बमने नोव्हेंबर २०१५ मध्ये ३४ लाख ८२ हजारांचा विक्रम केला होता. तो जवळजवळ दहा वर्षांनी मोडला. चाळीस लाख म्हणजे तितक्या लोकांनी अल्बम विकत घेतला, असा अर्थ कोणीही सहज लावील. प्रत्यक्षात हा आकडा निराळ्याच हिशेबाने तयार होतो, आणि तो हिशेब समजल्याखेरीज दोन विक्रमांची तुलना करता येत नाही.

एकेकाळी बिलबोर्ड नियतकालिकाचे प्रतिनिधी दुकानदारांना दूरध्वनी करून कोणता अल्बम जोरात खपतो आहे ते विचारत आणि त्या सांगोवांगीवर यादी बनत असे. दुकानदाराची आवडनिवड आणि कंपन्यांची मर्जी या दोहोंना त्यात भरपूर वाव होता. मे १९९१ पासून बारकोडवरून नोंदलेली प्रत्यक्ष विक्री मोजली जाऊ लागली आणि यादीचे रूप पालटले. ज्याला शहरी मंडळी गावरान समजत, त्या कंट्री संगीताचा खप किती मोठा आहे हे एकदम उघड झाले. त्याच वर्षी गार्थ ब्रूक्सचा ‘रोपिन द विंड’ हा अल्बम थेट पहिल्या क्रमांकावर अवतरला. मोजण्याची पद्धत बदलली की लोकप्रिय कोण याचे उत्तरही बदलते, हे तेव्हाच दिसून आले होते.

ऐकण्याचे रूपांतर विक्रीत

पुढे लोक गाणी विकत घेईनासे झाले आणि स्ट्रीमिंगवर ऐकू लागले. म्हणून डिसेंबर २०१४ पासून बिलबोर्डने ‘अल्बम एकक’ हे माप स्वीकारले. अल्बमची एक प्रत विकली गेली तर एक एकक. त्यातील सुटी दहा गाणी विकली गेली तरी एक एकक. आणि गाणी १५०० वेळा ऐकली गेली तरीही एकच एकक. २०१८ मध्ये या शेवटच्या कलमात भेद करण्यात आला. वर्गणी भरून ऐकणाऱ्यांचे १२५० वेळा ऐकणे आणि जाहिराती सोसून फुकट ऐकणाऱ्यांचे ३७५० वेळा ऐकणे समान मानले गेले. स्विफ्टच्या विक्रमाच्या वेळी हाच दर लागू होता.

आता चाळीस लाखांची फोड पाहू. त्यातील सुमारे ३४ लाख ८० हजार ही प्रत्यक्ष विक्री होती. त्याच आठवड्यात अमेरिकेत या अल्बमची गाणी ६८ कोटींहून अधिक वेळा ऐकली गेली, पण एककांत त्यांचे मोल जेमतेम सव्वापाच लाख ठरले. वर्गणीदार श्रोत्याने एका प्रतीची बरोबरी करायची, तर बारा गाण्यांचा हा संपूर्ण अल्बम त्याला १०४ वेळा ऐकावा लागेल. फुकट ऐकणाऱ्याला तीनशेहून अधिक वेळा. आठवड्याभरात हे कोण करणार? उलट, एका चाहत्याने दोन मिनिटांत चार निरनिराळ्या आवृत्त्या मागवल्या की चार एकके जमा होतात.

कंपन्यांच्या प्रचाराचे सारे गणित या विषमतेवर उभे आहे. ‘शोगर्ल’ तीसहून अधिक आवृत्त्यांत विक्रीला ठेवण्यात आला होता. कुठे मुखपृष्ठ वेगळे, कुठे तबकडीचा रंग, कुठे सोबत भित्तिचित्र, तर कुठे एखादे गाणे केवळ गिटार-पियानोच्या साथीने गायलेले. काही आवृत्त्या गायिकेच्या संकेतस्थळावर एक-दोन दिवसच उपलब्ध असत, म्हणजे चाहत्याने विचार करीत बसायचे नाही. पहिल्या आठवड्यात या अल्बमच्या १३ लाखांहून अधिक व्हिनाइल तबकड्या खपल्या. ल्युमिनेट ही कंपनी बिलबोर्डसाठी आकडे गोळा करते. तिच्याच २०२३ च्या पाहणीनुसार अमेरिकेत व्हिनाइल विकत घेणाऱ्यांपैकी निम्म्यांकडेच ती वाजवण्याचे यंत्र आहे. तबकडी आता ऐकण्यापेक्षा भिंतीवर मांडण्याची, जपून ठेवण्याची वस्तू होते आहे. त्यात गैर काही नाही, पण मग तिला श्रोत्यांच्या संख्येत धरायचे की स्मरणवस्तूंच्या, हा प्रश्न उरतोच.

गाण्यांची संख्या वाढवणे ही याच हिशेबातली दुसरी युक्ती. स्विफ्टच्याच एप्रिल २०२४ मधील ‘द टॉर्चर्ड पोएट्स डिपार्टमेंट’मध्ये प्रकाशनानंतर दोन तासांतच पंधरा गाण्यांची भर पडली आणि एकूण संख्या ३१ झाली. एकतीस गाण्यांचा अल्बम चाळीस वेळा ऐकला की एक एकक पदरात पडते. ख्रिस ब्राउन या गायकाने २०१७ मध्ये ४५ गाण्यांचा अल्बम काढला होता, त्यामागे निव्वळ प्रतिभेचा पूर होता असे मानणे जरा भाबडेपणाचे ठरेल.

दोन प्रचार, दोन काळ

अ‍ॅडेलची रीत पाहिली की फरक ठळक होतो. ऑक्टोबर २०१५ मध्ये ब्रिटनमधील ‘द एक्स फॅक्टर’ या कार्यक्रमाच्या मध्यंतरात अर्ध्या मिनिटाची एक जाहिरात झळकली. काळ्या पडद्यावर गाण्याचे शब्द आणि तो आवाज, बाकी काही नाही. गायिकेचे नावसुद्धा नव्हते. काही दिवसांतच ‘हॅलो’ हे गाणे आले आणि अमेरिकेत एका आठवड्यात दहा लाखांहून अधिक वेळा डाउनलोड झालेले ते पहिले गाणे ठरले. महिन्याभराने, २० नोव्हेंबरला अल्बम आला तो स्ट्रीमिंगवर न ठेवताच. ज्याला ऐकायचे असेल त्याने विकत घ्यावे, असा सरळ मामला. सात महिने तो तसाच राहिला. पहिल्या आठवड्यात अमेरिकेत ३३ लाख ७८ हजार प्रती खपल्या. त्याआधीचा विक्रम ‘एन सिंक’ या गटाचा, २००० सालचा, २४ लाखांचा होता.

स्विफ्टने अल्बमआधी एकही गाणे ऐकवले नाही. ऑगस्टमध्ये तिचा वाग्दत्त वर, फुटबॉलपटू ट्रॅव्हिस केल्सी, त्याच्या भावाबरोबर चालवतो त्या पॉडकास्टवर तिने घोषणा केली. प्रकाशनाच्या दिवसापासून तीन दिवस चित्रपटगृहांत अल्बमविषयीचा चित्रपट दाखवला गेला, त्यानेही अमेरिकेत तीन कोटी डॉलरहून अधिक गल्ला जमवला. अ‍ॅडेलच्या प्रचाराचा रोख घरोघरी दूरचित्रवाणी पाहणाऱ्या अनोळखी माणसाकडे होता. स्विफ्टच्या प्रचाराचा रोख जो आधीच तिचा आहे त्याच्याकडे.

दोघींच्या दुसऱ्या आठवड्याचे आकडे पहिल्यापेक्षा बोलके आहेत. ‘२५’ दुसऱ्या आठवड्यातही ११ लाखांवर प्रती विकून गेला, नाताळच्या आठवड्यात त्याने पुन्हा दहा लाखांचा टप्पा ओलांडला आणि २०१५ संपेपर्यंत अमेरिकेत एकूण ७४ लाखांवर पोचला. ‘शोगर्ल’चा आकडा दुसऱ्या आठवड्यात साडेतीन लाखांच्या आत, म्हणजे पहिल्याच्या एक-दशांशाहूनही खाली आला. तरीही तो पहिल्या क्रमांकावर टिकला, हे इतरांच्या विक्रीची अवस्था सांगून जाते. स्विफ्टचा विक्रम खोटा म्हणता येणार नाही, कारण प्रत्येक प्रतीसाठी कोणीतरी रोख पैसे मोजले आहेत. शिवाय २०१५ मध्ये सीडी विकत घेणे ही अजून सर्वसाधारण गोष्ट होती, आज ती निष्ठेची खूण आहे. मात्र अ‍ॅडेलच्या आकड्यातून तिचे गाणे किती दूरवर पोचले ते कळते आणि स्विफ्टच्या आकड्यातून चाहत्यांची ओढ किती खोल आहे ते कळते. ही दोन मापे एकाच फुटपट्टीवर मांडली जात आहेत.

या खेळाची झळ इतर कलावंतांनाही बसते. २०१८ मध्ये रॅपर निकी मिनाजचा ‘क्वीन’ हा अल्बम ट्रॅव्हिस स्कॉटच्या ‘अ‍ॅस्ट्रोवर्ल्ड’मागे दुसऱ्या क्रमांकावर राहिला, तेव्हा कपडे आणि कार्यक्रमांच्या तिकिटांबरोबर अल्बम गळ्यात मारला जात असल्याची जाहीर तक्रार तिने केली. ऑक्टोबर २०२० पासून बिलबोर्डने अशी जोडविक्री मोजणे बंद केले. आवृत्त्यांना मात्र हात लागला नाही. जून २०२४ मध्ये चार्ली एक्ससीएक्सचा ‘ब्रॅट’ ब्रिटनमध्ये अव्वल ठरण्याच्या बेतात असताना स्विफ्टने केवळ ब्रिटनपुरत्या नव्या डिजिटल आवृत्त्या काढल्या आणि ‘ब्रॅट’ दुसरा आला. त्याच्या काही महिने आधी बिली आयलिशने अनेक रंगी तबकड्यांच्या उधळपट्टीवर टीका केली होती. तिचा स्वतःचा अल्बमही पुढे अनेक रंगांत निघाला, अर्थात पुनर्वापराच्या साहित्यातून!

आपले ऐकणे कोठे मोजले जाते?

पणजीत किंवा मडगावात बसून कोणी ‘शोगर्ल’ दिवसभर ऐकला, तरी ज्या यादीत तो विक्रम झाला त्या यादीत त्याची नोंद होत नाही. ती केवळ अमेरिकेतील विक्री आणि श्रवण मोजते. भारतातील ऐकणे सप्टेंबर २०२० मध्ये सुरू झालेल्या ‘बिलबोर्ड ग्लोबल २००’ या यादीत धरले जाते, पण ती अल्बमची नसून सुट्या गाण्यांची आहे, आणि तेथेही वर्गणीदाराचे ऐकणे फुकट ऐकणाऱ्यापेक्षा वजनदार ठरते.

या वजनावरूनच नवा वाद उभा राहिला आहे. जानेवारी २०२६ पासून बिलबोर्डने अल्बमचा दर सैल केला. आता वर्गणीदारांचे १००० वेळा किंवा जाहिरातींसह २५०० वेळा ऐकणे म्हणजे एक एकक. यूट्यूबला हेही मान्य झाले नाही. दोन्ही प्रकारच्या ऐकण्याला समान मोल हवे, ही त्यांची मागणी. ती फेटाळली गेल्यावर यूट्यूबने १६ जानेवारीनंतर आपली आकडेवारी बिलबोर्डला देणेच थांबवले.