छपरातली जुनी मोटार : फियाट की मॉरिस?

आजोबांच्या वेळची मोटार छपरात पडून असली की घरच्यांना ती अडगळ वाटते. भंगारवाला दारात आला की, वजनावर देऊन टाका म्हणणारेही घरातच निघतात. पण बंधु-भगिनींनो, देण्याआधी ती कोणती मोटार आहे, एवढे तरी पाहा.

पन्नासच्या दशकात दोन छोट्या युरोपीय मोटारी आपल्याकडे आल्या. इटलीची फियाट ५०० आपल्या वालचंद हिराचंदांच्या कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात जोडली जाई. इंग्लंडची मॉरिस मायनर कलकत्त्याजवळ उत्तरपाड्याला तयार होई. तिचे इकडचे नाव ‘बेबी हिंदुस्थान’.

फियाट १९३६ ची. दान्ते जिआकोसा यांनी ती आखली. इंजिन अवघे ५६९ सी.सी.चे, बसायला मुख्यतः दोघांची सोय. इटलीत लोक तिला लाडाने ‘तोपोलिनो’, म्हणजे उंदीरमामा म्हणत. पेट्रोलची टाकी पुढे, उंचावर. त्यामुळे पेट्रोल पाटाच्या पाण्यासारखे आपसूक खाली उतरते, पंप लागत नाही.

मॉरिस १९४८ ची, अलेक इसिगोनिस यांची. आधीचे इंजिन ९१८ सी.सी.चे. चौघांचे कुटुंब तीत बसते. नमुन्याची मोटार अरुंद वाटली म्हणून त्यांनी ती मधोमध उभी कापून चार इंच रुंद केली! हिची टाकी मागे असते, म्हणून पेट्रोल ओढायला विजेचा पंप लागतो. तो बिघडला की गाडी जागीच उभी.

मग उजवी कोणती? बायकामुलांना घेऊन जत्रेला जायचे तर मॉरिस. पण भिवंडीकडच्या पावसात गंजाचा विचार आधी करावा लागतो. फियाटला खाली लोखंडी सांगाडा वेगळा असतो, वरचा पत्रा गंजला तरी तो भार पेलतो. मॉरिसला असा वेगळा सांगाडा नाही, तिचा पत्रा हाच तिचा कणा. म्हणून तिची तळपाटी आणि दाराखालची कड टोकरून पाहावी. तिथला पत्रा बोटाने दबला तर खर्च मोठा समजावा.

आता कागदांविषयी. पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ रूपातल्या खासगी मोटारीसाठी केंद्र सरकारने २०२१ मध्ये ‘व्हिंटेज’ नोंदणीचे नियम केले. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये ठरली, मुदत दहा वर्षांची. अशी गाडी प्रदर्शनात किंवा रॅलीत नेता येते. रोजच्या ये-जा करण्याला किंवा भाड्याने फिरवायला मात्र नाही.

तेव्हा आधी जुने आर.सी. बुक शोधा. इंजिन व चासीचे नंबर त्याच्याशी ताडून पाहा. वारसाचे नाव लागले नसेल तर आर.टी.ओ.त चौकशी करा. इंजिन बदलू नका, पत्रा कापू नका. मूळ रूप गेले तर व्हिंटेज नोंदणीही गेली. एवढे करून मग विकायची की ठेवायची, ते घरच्यांनी एकत्र बसून ठरवावे. भंगाराच्या काट्यावर चढलेली मोटार पुन्हा घरी येत नाही.