शर्यतीची मोटार: ब्रेक आणि चाके
मद्रासजवळील शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवर एके काळी हौशी चालक रोजच्या वापरातील मोटारी शर्यतीत उतरवीत. अशा मोटारीत वेग वाढविण्यापूर्वी तो आवरण्याची सोय पाहावी लागते. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. १००० किलोग्रॅमची मोटार ताशी १०० किलोमीटर वेगावरून थांबविताना निर्माण होणारी उष्णता सव्वा लिटर साधे पाणी उकळीस आणील.

डॉट-४ प्रतीच्या ताज्या ब्रेक ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असतो. परंतु ते हवेतील बाष्प शोषून घेते. पाण्याचा अंश ३.७ टक्के झाला, की हीच मर्यादा १५५ अंशांपर्यंत उतरू शकते. ऑइल उकळले, की त्यात वाफेचे बुडबुडे होतात. पायाचा दाब ती वाफ दाबण्यातच खर्च होतो आणि ऐन वळणावर ब्रेक लागत नाही. म्हणून शर्यतीपूर्वी ऑइल बदलणे, हा पहिला नियम होय.

दुसरा नियम चाकांचा. वळणावर मोटार बाहेर झुकते, तसे बाहेरचे चाकही झुकते व टायरची केवळ बाहेरील कड रस्त्यावर भार घेते. यास्तव चाकाचा वरचा भाग आधीच अंश-दोन अंश आत कलवितात. कल फाजील झाल्यास मात्र आतील कड झिजते व सरळ रस्त्यावर ब्रेकची पकड घटते. त्याच मोटारीने घरीही परतावयाचे असते, हे हौशी चालकाने विसरू नये.