पडद्यावरील मुष्टियुद्ध आणि आमचा पुनश्च हरिः ओम्

साठी उलटलेल्या शिक्षकानें सकाळीं वर्तमानपत्र वाचावें, सायंकाळीं फिरावयास जावें आणि मधल्या वेळीं नातवंडांकडून शब्दरूपें घोकून घ्यावीं, अशी सर्वमान्य रीत आहे. वांद्र्याच्या आमच्या घरीं मात्र गेल्या वर्षापासून रोज अर्धा तास आम्ही पडद्यापुढें बसून मुष्टियुद्ध खेळतों. वाचकांनीं खुशाल हंसावें. घरच्या मंडळींचें हंसून झालें आहे.

या नादाचें मूळ जुनें आहे. जपानांतील कॅपकॉम कंपनीचा ‘स्ट्रीट फायटर २’ हा खेळ १९९१ सालीं निघाला आणि पुढें मुंबईच्या गल्लीबोळांतील व्हिडीओ गेम पार्लरांत शिरला. आम्ही तेव्हां वांद्र्यांतच शिकवीत होतों. नववींतील एक विद्यार्थी तास चुकवून अशाच एका अंधाऱ्या गाळ्यांत बसतो असें कळल्यावरून त्यास कान धरून आणावयास गेलों. “सर, एवढा एक डाव!” असें तो काकुळतीनें म्हणाला, म्हणून थांबलों. पडद्यावर धालसिम नांवाचा भारतीय योगी हातपाय हवे तितके लांबवून आणि मुखांतून अग्नि फेंकून लढत होता. योगाची ही विटंबना पाहून संताप यावयास हवा होता. झालें मात्र कुतूहल. त्या मे महिन्याच्या सुटींत, ओळखीचें कोणी नाहीं असें पाहून, आम्हींही तेथें बरींच नाणीं खर्चिलीं. मग शाळा सुरू झाली आणि खेळ सुटला, तो तीस वर्षें.

गेल्या वर्षीं चौदा वर्षांच्या नातवानें २०२३ सालीं निघालेला ‘स्ट्रीट फायटर ६’ आमच्यापुढें मांडला. पहिल्या दिवशीं सर्व डाव हरलों. दुसऱ्या दिवशीं दोन जिंकलों, आणि जेवतांना आपल्या पराक्रमाचें वर्णन इतकें केलें कीं आमटी निवाली. या खेळांत झालेला डाव पुन्हां पाहण्याची सोय आहे. रात्रीं एकटेच तो पाहत असतां ध्यानांत आलें कीं, अखेरच्या क्षणीं नातवाचा मल्ल नुसता उभाच होता. त्यानें आम्हांस जिंकूं दिलें होतें! आम्हीं जन्मभर मुलांस कृपागुण दिले. घेण्याची पाळी प्रथमच आली, आणि ते घेणाराच्या मनास कसे टोंचतात हेंही प्रथमच कळलें.

सकाळीं त्यास म्हणालों, “अरे, आजपासून दया नको.” तो ओशाळला. मग म्हणाला, “आजोबा, मग तुम्ही आधीं उड्या मारणें सोडा.”

परत येणाऱ्या खेळाडूचें सारें शास्त्र त्या एका वाक्यांत होतें. नवखा अज्ञानानें हरतो. परत आलेला जुन्या संवयीनें हरतो. पार्लरांत आम्ही उडी घेऊन लाथ घालीत असूं, आणि समोरचाही आमच्याइतकाच कच्चा असल्यानें ती लागे. पण या खेळांत हवेंत असलेल्या मल्लास बचाव करतां येत नाहीं. जाणता प्रतिस्पर्धी त्यास खालून ठोसा देऊन पाडतो. येथें सेकंदाचे ६० भाग मोजतात. दिसलेल्या गोष्टीवर बोट चालण्यास माणसास सुमारें पाव सेकंद, म्हणजे १५ भाग लागतात. हलका ठोसा तर चार-पांच भागांतच निघतो. तेव्हां तो पाहून अडवितां येत नाहीं. त्याचें अनुमान आधींच करावें लागतें. ठोशास बचाव भारी, बचावास पकड भारी आणि पकडीस ठोसा भारी, असें हें चक्र आहे. वयानें बोटें मंदावतात. अनुमान मंदावलेंच पाहिजे असें नाहीं.

हांगचौ येथील आशियाई क्रीडास्पर्धांत २०२३ सालीं ‘स्ट्रीट फायटर ५’ला प्रथमच पदकाचा मान मिळाला. भारतातर्फें मयंक प्रजापति आणि अयान विश्वास उतरले होते. त्यांस पदक मिळालें नाहीं. सुवर्णपदक मिळविलें तें दक्षिण कोरियाच्या किम ग्वान-वू यांनीं, वयाच्या ४४ व्या वर्षीं. ज्या खेळास आपण पोरखेळ म्हणतों, त्यांत हा प्रौढ गृहस्थ पोरांस पुरून उरला.

पतंजलींनीं अभ्यास दृढ होण्यास तीन गोष्टी सांगितल्या आहेत: दीर्घ काल, अखंडता आणि आदर. आम्हीं त्याच धरल्या. एका आठवड्यास एकच धडा. पहिल्या आठवड्यांत उडी वर्ज्य. दुसऱ्यांत समोरचा उडाला कीं खालून ठोसा, एवढेंच. तिसऱ्यापासून रोज हरलेला एक डाव पुन्हां पाहून त्यांतील एक चूक वहींत लिहावयाची. हार मोजावयाची नाहीं, चूक मोजावयाची. अर्धा तास झाला कीं मनगटास विश्रांति.

गेल्या महिन्यांत एके सायंकाळीं आम्ही एक डाव जिंकलों. रात्रीं तो पुन्हां पाहिला. नातवाचा मल्ल कोठेंही थांबलेला नव्हता. त्या दिवशीं जेवतांना आम्हीं त्याविषयीं अक्षर काढलें नाहीं. सांगितलें तें नातवानेंच, आणि तेंही जरा फुरंगटून.