पाहुणे गंगापूरला, द्राक्षं निफाडला

शनिवारी सकाळी गंगापूर रोडवर मुंबई-ठाण्याच्या गाड्यांची रांग वाढायला लागली, की नाशिककर आपला रस्ता बदलतात. पाहुण्यांची सवय या शहराला आजची नव्हे. कुंभ, त्र्यंबकेश्वर, पंचवटी, नारायण-नागबळी, दशक्रिया यांसाठी माणसं पिढ्यान्‌पिढ्या येत आली आहेत. पण नुसती द्राक्षबाग बघायला कुणी पावणेदोनशे किलोमीटर गाडी हाकत येईल, असं तीस वर्षांपूर्वी कुणी सांगितलं असतं, तर इथल्या बागाईतदाराने त्याला चहा पाजून वाटेला लावलं असतं.

द्राक्ष इथलं जुनं पीक. ओझरच्या परिसरात १९२५ च्या सुमारास लागवड सुरू झाली आणि पुढे निफाड, दिंडोरी, चांदवडपर्यंत मांडव पसरले. ती सगळी खायची द्राक्षं: थॉमसन, तास-ए-गणेश, सोनाका. वाईनचा महाराष्ट्रातला पहिला मोठा डाव नाशिकचा नव्हे, नारायणगावचा. तिथे शामराव चौगुले यांनी १९८० च्या दशकात शॅम्पेनच्या धर्तीवरची फसफसती वाईन काढून परदेशात पाठवली. नाशिकची गोष्ट सुरू होते ती राजीव सामंत यांच्यापासून. स्टॅनफर्डला शिकलेला, ओरॅकलमध्ये नोकरी केलेला हा तरुण गंगापूर धरणाजवळच्या घरच्या जमिनीवर परतला आणि केरी डॅमस्की या कॅलिफोर्नियाच्या वाईनतज्ज्ञाला हाताशी धरून त्याने सॉव्हिन्यों ब्लाँ आणि शेनिन ब्लाँ या जाती लावल्या. आईच्या सुलभा या नावावरून कंपनीचं नाव ‘सुला’ ठेवलं. पहिली वाईन २००० साली बाजारात आली.

पुढच्याच वर्षी राज्य सरकारने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं. उत्पादन शुल्क माफ झालं, नाशिक जिल्ह्यात विंचूरला आणि सांगली जिल्ह्यात पलूसला वाईन पार्क निघाले. वायनऱ्यांची संख्या भराभर वाढली. बागाईतदारांनीही थॉमसन सोडून शिराझ, कॅबर्ने लावलं. एवढी वाईन पिणार कोण, हा प्रश्न मात्र कुणी फारसा विचारला नाही. २००८ मध्ये जागतिक मंदी आणि मुंबईवरचा हल्ला एकापाठोपाठ आले, हॉटेलं ओस पडली आणि टाक्या भरलेल्या राहिल्या. वाईनची द्राक्षं घ्यायला कुणी येईना. ज्या बागा शेतकऱ्यांनी कर्ज काढून उभ्या केल्या होत्या, त्याच त्यांनी कुऱ्हाड लावून काढल्या. चौगुल्यांची इंडेज ही कंपनीही त्यानंतर कोसळली.

नाशिकचं पर्यटन समजून घ्यायचं तर ही पडझड लक्षात ठेवायला हवी. वाईन चालली म्हणून पर्यटक आले, असं सर्रास लिहिलं जातं. मला ते उलटं वाटतं. पर्यटक आले म्हणून वाईन टिकली.

याचं कारण धंद्याच्या रचनेत आहे. आपल्याकडे मद्याची जाहिरात करता येत नाही. प्रत्येक राज्याचा कर वेगळा, लेबलची नोंदणी वेगळी, मध्ये घाऊक विक्रेता, मग दुकानदार. ज्या ग्राहकाने वाईन कधी चाखलेलीच नाही, त्याच्यापर्यंत पोचायला वाट कुठली? सुलाने २००५ साली आवारातच चाखण्याची खोली उघडली. देशातली ती पहिली. ग्राहक स्वतःच्या पेट्रोलने येतो, चाखायचे पैसे देतो, जाताना दोन बाटल्या डिकीत टाकतो. मधला वाटेकरी कुणी नाही आणि जाहिरात तो घरी जाऊन फुकट करतो. मग मुक्कामाची सोय झाली, २००८ पासून सुलाफेस्ट हा संगीत महोत्सव सुरू झाला. आता वर्षाला तीन लाखांहून जास्त लोक येतात, असं कंपनी सांगते. डिसेंबर २०२२ मध्ये तिचे शेअर बाजारात आले, तेव्हाही ही पाहुण्यांची वर्दळ तिची जमेची बाजू म्हणून मांडली गेली.

त्या चाखण्याच्या टेबलाशी थोडा वेळ उभं राहिलं, तर धंदा कसा चालतो ते कळतं. ग्लास देठाशी धरा, हाताच्या उबेने वाईन तापते, असं कंपनीचा पोरगा सांगतो. मग गोल फिरवा, नाकाशी न्या, मग घोट. आधी फसफसती, मग पांढरी, मग गुलाबी, मग लाल, शेवटी उशिरा तोडलेल्या द्राक्षांची गोड. समोर एक जोडपं, सोबत सासूबाई. त्या आधी ‘मला नको गं’ म्हणतात, लाल वाईनने सुनेचं तोंड तुरट झालेलं बघून हसतात आणि शेवटच्या गोड वाईनपाशी हळूच विचारतात, ‘ही आसवासारखी लागते, नाही?’ पोरगा हो म्हणतो. त्याला वाद घालायचा नसतो, बाटली विकायची असते. बहुतेक वेळा ती गोड बाटलीच विकली जाते.

एकाचं चाललेलं बघून बाकीचेही आले. यॉर्क (ती २०२१ मध्ये सुलानेच घेतली), सोमा, इगतपुरी तालुक्यात सांजेगावला व्हॅलोन आणि ग्रोव्हर झम्पा, दिंडोरीत फ्रेंच मालकीची शाँदों. ‘नाशिक व्हॅली वाईन’ला भौगोलिक मानांकन मिळालं. मिसळवाले तर सगळ्यांच्या पुढे निघाले. मळ्यात चूल मांडली, बाजूला झोपाळा टांगला, पापड-जिलेबीसकट मिसळ दिली. त्यांना उत्पादन शुल्काचा परवानाही लागत नाही. सकाळी रामकुंड, मग मिसळ, दुपारी वाईन असा बेत एका दिवसात बसतो आणि कुणाला त्यात काही वावगं वाटत नाही. मलाही वाटत नाही. वावगं वाटलं ते राजकारणाला. जानेवारी २०२२ मध्ये मंत्रिमंडळाने सुपरमार्केटमध्ये वाईन विकायला मान्यता दिली, त्यावर एवढं रान उठलं की निर्णय कागदावरच राहिला. थोडक्यात, वायनरीच्या दारात येणाऱ्या गिऱ्हाइकाचं महत्त्व कायम राहिलं.

शेतकऱ्याच्या पदरात यातलं किती पडतं? वायनरीशी दीर्घ मुदतीचा करार असलेल्या बागाईतदाराला बाजारभावाची धाकधूक कमी. खर्चही कमी. वाईनचा मणी बारीक, बियांचा, जाड सालीचाच हवा असतो, त्यामुळे मणी फुगवायला जीए (जिबरेलिक आम्ल) या संजीवकाची बुडवणी नाही, विरळणीची मजुरी कमी. त्याऐवजी साखर बघितली जाते. जानेवारीपासून पहाटेच्या गारव्यात तोड चालते, क्रेट वायनरीत जातात आणि रिफ्रॅक्टोमीटरवर ब्रिक्स बावीस-चोवीसच्या आसपास भरला की माल ठरतो. एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची गोडी छाटणी, डावणी-भुरीचे फवारे, फेब्रुवारीत गारपिटीची भीती, हे मात्र दोन्हीकडे सारखंच.

पण करारातले शेतकरी जिल्ह्यातल्या द्राक्षवाल्यांच्या मानाने मूठभर. गंमत अशी, की पर्यटन सगळं एकवटलंय धरणाच्या काठी, शहराच्या पश्चिमेला, आणि द्राक्ष आहे मुख्यतः पूर्वेला आणि उत्तरेला. सरकारने वाईन पार्क नेमून दिला विंचूरला, निफाड तालुक्यात; पाहुणे गेले गंगापूरला, जिथे पाणी दिसतं, डोंगर दिसतो आणि सूर्य मावळताना दिसतो. तिथल्या बागाईत जमिनींवर आता रिसॉर्ट आणि फार्महाऊस उगवतात. विकणाऱ्याला एकरकमी पैसे मिळतात, हे खरं. मात्र ज्या बागा बघायला माणसं येतात, त्या यामुळे दरवर्षी थोड्या कमी होतात. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाला. मुंबईचा माणूस आता आणखी लवकर पोचणार, म्हणजे धरणाकाठचा गुंठाही आणखी महागणार.

निफाडकडे दाखवायला काही नाही असं नव्हे. नांदूर मधमेश्वर महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, आणि तिथल्या स्थलांतरित पक्ष्यांचा हंगाम नेमका द्राक्षांच्याच हंगामाला येऊन मिळतो. पण पक्षी बघणारे दुर्बिणी आवरून जेवायला नाशिकला परततात. त्यांना वाटेत थांबवायचं, मळा दाखवायचा, द्राक्षं तोडू द्यायची आणि किलोवर विकायची, हे सुचायला अवघड नाही. अडचण निर्यातीची आहे. २०१० साली लिहोसिन या वाढरोधकाच्या अंशांमुळे युरोपात माल अडकला आणि बागाईतदार कायमचा शहाणा झाला. आता प्लॉटची नोंदणी असते, फवारणीची वही असते, घडाला कागद बांधलेला असतो. मण्यांवरचा पांढुरका थर बोटाने पुसला गेला तरी घडाची प्रत उतरते. वाईनच्या द्राक्षाला कुणी हात लावला तरी बिघडत नाही, ते चिरडायचंच असतं. त्यामुळे निफाडच्या एक्स्पोर्टवाल्या बागाईतदाराला पाहुणे हवे असतील, तर मळ्याच्या एका कोपऱ्यात चार ओळी वेगळ्या ठेवाव्या लागतील, आणि त्या ओळींचा हिशेब त्याला वर्षाच्या सुरुवातीला, एप्रिलच्या छाटणीलाच मांडावा लागेल.