पायाशी पाणी, तरी गवत सुकतं

उन्हात गवताने मान टाकली म्हणजे त्याला पाणी कमी पडलं, हा समज भलताच चिवट आहे. अमेरिकेच्या आग्नेय भागात, जॉर्जियासारख्या राज्यांत, जुलैमध्ये रात्री धो-धो पाऊस कोसळतो आणि दुसऱ्या दिवशी पारा ३५ अंशांकडे सरकतो. दुपारी गोल्फच्या ग्रीनवरचं, म्हणजे खळग्याभोवती जेमतेम ३ मिलिमीटर उंचीवर कापलेलं बेंटग्रास निळसर-राखाडी दिसू लागतं आणि त्यावर पावलांचे ठसे तसेच राहतात. पाहणाऱ्याचा सल्ला तयार असतो: पाणी मारा. अशा वेळी हाच सल्ला गवताचा जीव घेतो.

मुळांनाही श्वास घ्यावा लागतो. मातीच्या कणांमधल्या पोकळ्या पाण्याने भरल्या की तो कोंडतो, कारण ऑक्सिजन हवेपेक्षा पाण्यातून सुमारे १० हजार पट सावकाश पसरतो. त्यात पाणी तापलं की विरघळलेला ऑक्सिजनही घटतो. २० अंशांना लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम असतो, ३० अंशांना साडेसात. आणि नेमकी तेव्हाच तापलेल्या मुळांची ऑक्सिजनची गरज वाढलेली असते. गुदमरलेलं मूळ पाणी ओढू शकत नाही, म्हणून चिखलात उभं असलेलं गवत सुकतं. वरून पाहता तहान आणि गुदमर सारख्याच दिसतात. त्यामुळे निदान पानावर नाही, मातीत करायचं. नळी खुपसून मातीचा एक दंडगोल उपसून काढा. तहानलेल्या ग्रीनची वाळू बोटांत भुरभुरते. गुदमरलेल्या ग्रीनचा दंडगोल दाबला की पाणी ठिबकतं, मुळं तपकिरी आणि मऊ लागतात, आणि दुखणं जुनं असेल तर सडक्या अंड्याच्या वासाचा काळा पट्टा दिसतो. हवा संपल्यावर जिवाणू सल्फेटवर भागवतात, त्यातून हायड्रोजन सल्फाइड तयार होतो आणि लोहाशी मिळून तो थर काळा करतो. इतका उघड पुरावा पायाखाली असताना पाइप उघडणं अक्षम्य आहे.

यावर हमखास येणारा प्रश्न असा, की भातही गवतच. तो कसा पाण्यात उभा राहतो? भाताच्या खोडापासून मुळापर्यंत हवेच्या पोकळ्या असतात आणि त्याची पाती पाण्याच्या वर असतात. ३ मिलिमीटरवर कापलेल्या बेंटग्रासकडे तशी सोय नाही. दुसरा आक्षेप जास्त रास्त आहे: कडक उन्हात ग्रीनवर दुपारी पाणी फवारतात, ते मग कशाला? ते पानं गार करण्यासाठी. हलका तुषार पानावरून उडून जातो, मुळांपर्यंत पोचत नाही. पाण्याचे थेंब भिंगासारखे पानं जाळतात हेही खरं नाही. हंगेरीच्या गाबोर होर्वाथ आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये दाखवलं, की गुळगुळीत पानांवर तसं होत नाही, लव असलेल्या पानांवर होऊ शकतं. मातीत हवा शिरावी म्हणून ग्रीनला मुद्दाम पाडलेली भोकं म्हणजेही नासधूस नव्हे, मुळांच्या खिडक्या आहेत. आणि सुकलेल्या गवतावर उपाय म्हणून ऐन उन्हाळ्यात भरपूर नत्र दिलं तर पानं वाढतात, मुळं उपाशी राहतात.

जॉर्जियातल्या ऑगस्टा नॅशनल या गोल्फ क्लबच्या ग्रीनवर १९८१ पासून बेंटग्रास आहे. तिथे ग्रीनखाली नळ्यांचं जाळं आणि पंप बसवले आहेत, ते मातीतलं जादा पाणी ओढून हवा आत खेळवतात. आणि उन्हाळ्यात मैदान बंद ठेवतात. दक्षिणेतल्या अनेक क्लबांनी त्यापेक्षा सरळ बर्म्युडा गवताचा रस्ता धरला. ते बर्म्युडा म्हणजे आपली हराळी, गणपतीला वाहतो ती दूर्वा. तिला ३० अंशांच्या पुढची ऊब मानवते. पण ऊन मात्र भरपूर लागतं, आणि मुंबईच्या जुलैमध्ये ढग ते आठवडाआठवडा देत नाहीत. तेव्हा यंत्राचं पातं थोडं वर घ्यावं, म्हणजे मिळेल तेवढा उजेड टिपायला पानं उरतात.